लाल ब्रश दिसला म्हणजे बॉटलब्रश नव्हे

पर्थहून कुणी फुललेल्या झुडपाचा फोटो पाठवला की त्याखाली ठरलेली ओळ येते: ‘हा तर आपल्याकडचा बॉटलब्रश!’ अनेकदा ते झुडूप कॅलोथॅम्नस क्वाड्रिफिडस असतं. नैऋत्य ऑस्ट्रेलियाबाहेर ते निसर्गतः कुठेच उगवत नाही.

बॉटलब्रश आपल्या ओळखीचा आहे. सोसायट्यांच्या कुंपणाशी, कॉलेजच्या आवारात लोंबणाऱ्या फांद्या, त्यावर शिंजिरांची लगबग. तो मुख्यतः पूर्व ऑस्ट्रेलियातला. दोघंही जांभूळ-पेरूच्या कुळातले, दोघांची लाल शोभा पाकळ्यांची नसून पुंकेसरांची, दोघांची टणक बोंडं वर्षानुवर्षं फांदीला चिकटून राहतात. त्यामुळे बोंडं बघून निवाडा करू नका.

लोक ओळखीची खूण सांगतात ती ‘एका बाजूची फुलं’. कॅलोथॅम्नसची फुलं बहुधा फांदीच्या एकाच अंगाला येतात, हे खरं. पण सावलीतला बॉटलब्रशही एका बाजूला विरळ फुलतो, आणि कॅलोथॅम्नसचा दाट घोस कधी फांदीला वेढूनही बसतो. या खुणेवर विसंबणं मला अजिबात पसंत नाही.

खरा फरक एकच फूल तोडून पाहिल्यावर कळतो. बॉटलब्रशच्या फुलात पुंकेसरांचे तंतू सुटे असतात. काही जातींत बुडाशी जेमतेम जोडलेले दिसतात, पण तिथून लगेच मोकळे होतात. कॅलोथॅम्नसमध्ये हे तंतू बऱ्याच उंचीपर्यंत एकमेकांना जोडून चपटी लाल पट्टी बनते आणि फक्त टोकाशी, पदराच्या दशा सुटाव्यात तसे, मोकळे होतात. क्वाड्रिफिडसच्या प्रत्येक फुलात अशा चार पट्ट्या असतात. भिंग असेल तर परागकोशही पाहा: बॉटलब्रशमध्ये तो तंतूच्या टोकावर आपल्या मध्यापाशी टेकलेला व हलता, कॅलोथॅम्नसमध्ये त्याच टोकावर आपल्या बुडाशी घट्ट बसवलेला.

पानांचं फार मनावर घेऊ नका. क्वाड्रिफिडसची सुईसारखी, बॉटलब्रशची सहसा चपटी, एवढं पुरे.

काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता दोघांनाही मेलाल्युका या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं आहे. नाव कुठलंही लावा, पट्टी आणि सुटे तंतू यांतला फरक त्याने पुसला जात नाही. मी कॅलोथॅम्नसच म्हणणार. आणि रोप मिळालंच तरी कोकणात लावू नका: हिवाळी पाऊस, कोरडा उन्हाळा आणि निचऱ्याची वाळूमाती यांत वाढलेलं झाड आहे ते, इथल्या जुलैत त्याची मुळं कुजतील.