कार्ड कोणाला मिळायचे?

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर शूट असले की मेकअप आर्टिस्टचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. ऊन चढले की दमट हवेत फाउंडेशन आधी नाकाच्या बाजूला फुटते, मग दिवसभर टिश्यू आणि टच-अप. आज पेडण्या-म्हापशाच्या मुली हे काम करतात. पूर्वी मात्र तोंड रंगवणे हा पुरुषांचाच धंदा.

जत्रेच्या नाटकाला रंगभूषाकार पत्र्याची पेटी घेऊन यायचा. देवळाजवळच्या पडवीत रंगपट. सफेदा, हिंगूळ, काजळ, मिशा चिकटवायला स्पिरिट गम, आणि पहाटे नाटक सुटले की रंग उतरवायला खोबरेल. दशावतारी तर आपले तोंड आपणच रंगवतात. स्त्रीपार्टही पुरुषाकडेच, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर त्यासाठीच गाजले. त्या रंगपटात बाईला जागा कुठली?

मुंबईच्या सिनेसृष्टीत तर हे नियमातच बसवलेले होते. तिथल्या रंगभूषाकारांच्या संघटनेचे कार्ड नसेल तर सेटवर काम नाही, आणि बाईला कार्ड मिळायचे ते फक्त केशभूषेचे. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अट. म्हणजे गोव्याची मुलगी दोन्हीकडून बाद! मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा आणि इतरांच्या याचिकेवर 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही कलमे रद्द केली. इतक्या उशिरा, हे आजही पटकन खरे वाटत नाही.

फॅशनला असले कुंपण नव्हते, म्हणून माझ्या मते बायकांना हे दार आधी उघडले. 1952 मध्ये सुरू झालेल्या लॅक्मेच्या नावाने 2000 साली इंडिया फॅशन वीक भरला आणि रॅम्पमागची मेकअपची खोली हे कामाचे ठिकाण झाले. गोव्यात कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स होते. त्यांचे सैल, पांढरे, समुद्रावरचे कपडे आणि नव्याने पुढे आणलेली कुणबी साडी. अशा कपड्यांवर भडक तोंड शोभत नाही. कातडी कातडीसारखीच दिसली पाहिजे, आणि ते लग्नाच्या मेकअपपेक्षा कितीतरी कठीण. सावळ्या चेहऱ्यावर गुलाबी छटेचा बेस लावला की राख फासल्यासारखा दिसतो. दोन-तीन शेड तळहातामागे मिसळून रंग जुळवावा लागतो.

पोट मात्र भरते ते लग्नांवरच. पावसात तेही थंडावते. किट कपाटात जाते, ब्रशांना बुरशी धरू नये म्हणून आत बल्ब पेटता ठेवतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की फोन पुन्हा वाजू लागतो.