सीटखालचा वायरचा तुकडा

अमेरिकेत ओहायोत दीड एकराच्या जागेवरचं घर घेतलं, तेव्हा गवत कापायचं, हातानं ढकलायचं यंत्र (लॉनमोअर) पुरणार नाही हे पहिल्याच मे महिन्यात कळलं. वसंतात इथं गवत बघता बघता वाढतं. म्हणून एक जुनं राइडिंग मोअर घेतलं. वर बसून चालवायचं, पुढं इंजिन, पोटाखाली ४२ इंची डेक, म्हणजे पात्यांवरचं उलट्या परातीसारखं आवरण, आणि डेकमध्ये दोन पाती. विकणाऱ्यानं चालवून दाखवलं, सगळं ठीक वाटलं. घरी आणून साफसफाईसाठी सीट उचलली, तर खालच्या स्विचची दोन टोकं जोडणारा वायरचा तुकडा दिसला. वर काळी टेप अगदी नीट गुंडाळलेली.

हा स्विच काय करतो? पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला, की सीट वर येते, स्विचची स्थिती बदलते, ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोची वीज थेट सांगाड्यात उतरते आणि ठिणगी पडायची थांबते. इंजिन बंद. बरोबरच पात्यांना ब्रेक लागतो. माझ्या मोअरमधला वायरचा तुकडा यंत्राला सांगत होता की सीटवर कायम कोणीतरी बसलेलं आहे. लोक असं का करतात तेही समजतं. खडबडीत जमिनीवर माणूस सीटवरून क्षणभर उसळतो आणि इंजिन दचके खातं, त्याचा वैताग येतो. पण चालक खाली पडला तरी हे यंत्र पाती फिरवत पुढं जात राहिलं असतं, किंवा त्याच्याच अंगावर आलं असतं. मी तो तुकडा त्याच दिवशी कापला आणि नवा स्विच बसवला.

गवत कापायला इतकं भयंकर यंत्र लागतंच का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. इंग्लंडमध्ये एडविन बडिंगनं १८३० साली पहिल्या लॉनमोअरचं पेटंट घेतलं, तेव्हा ते लागत नव्हतं. त्याला ही कल्पना कापडगिरणीतल्या लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. त्याचं मोअर कात्रीसारखं कापायचं : एक पातं फिरतं, एक स्थिर, गवत दोहोंच्या मध्ये. आजच्या डेकमध्ये ते दुसरं पातं नसतं. गवताची काडी मोकळी उभी असते, तिला मागून आधार कोणाचाच नाही. ती वाकून निसटायच्या आत तुटायला हवी, आणि ते फक्त वेगानं साधतं. नुसत्या फटक्यानं कापायचं, म्हणून वेग प्रचंड.

किती प्रचंड ते मोजू. माझं पातं ५३ सेंटिमीटर लांब आहे. मिनिटाला ३३०० फेरे धरले तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९२ मीटर येतो, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. अमेरिकी मानकानं टोकाच्या वेगाला मर्यादा घातली आहे, मिनिटाला १९,००० फूट. आपण तिच्या अगदी जवळ आहोत. पात्याचं वजन एक किलो धरलं तर त्यात सुमारे १४०० ज्यूल गतिज ऊर्जा साठते. ५० किलोची सिमेंटची गोणी सुमारे २.८५ मीटरवरून खाली सोडली तर जेवढी ऊर्जा घेऊन आदळेल, तेवढी. ती एका पात्यात, आणि पाती दोन.

पाती बंद करायचं बटण दाबल्यावर ही सगळी ऊर्जा कुठंतरी जायला हवी. ब्रेक ती उष्णतेत बदलतो, पण त्याला काही सेकंद लागतात. बरेच हात आणि पाय याच सेकंदांत जातात. इंजिनचा आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं असं कानाला वाटतं, आणि डेकखाली अडकलेला गवताचा गोळा काढायला हात पुढं होतो.

आता त्या वाटेत एक दगड येऊ द्या. मोठ्या आवळ्याएवढा, ५० ग्रॅमचा. पात्याचा पूर्ण वेग त्याला मिळाला तर तो दोनशे ज्यूलच्या वर ऊर्जा घेऊन निघेल. ताशी १५० किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत १४० ज्यूल असतात, आणि फलंदाज पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट घालून उभा असतो. निम्माच वेग मिळाला तरी ऊर्जा पन्नास ज्यूलच्या वर, आणि डोळ्याला तेवढी खूप झाली. म्हणून गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरची प्लास्टिकची झडप काढून ठेवू नये, आणि ते तोंड रस्त्याकडं, खिडकीकडं किंवा माणसाकडं असू नये. मी सुरुवात करण्याआधी पूर्ण आवार चालत फिरते. दगड, फांद्या, मुलानं विसरलेला चेंडू, कुत्र्याचं हाड उचलते. दहा मिनिटं लागतात.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांना मोअर पाहून भलताच आनंद झाला, कारण आमच्या ऊसशेतीत त्यांनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. मुलगा धावत आला, "आजोबा, मला पण!" बाबांनी त्याला मांडीवर घ्यायला हात पुढं केला. मी ओरडलेच. "अगं, तू स्वतः मडगार्डवर बसून शेतात यायचीस," ते म्हणाले. खरं होतं. आणि आमच्याच भागात मडगार्डवरून पडून ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलेली मुलंही आम्हा दोघांना आठवत होती. बाबा गप्प झाले आणि त्यांनी मुलाचा हात धरून त्याला व्हरांड्यात नेलं.

मांडीवरून मूल घसरलं तर थेट पात्यांच्या दिशेनं जातं, आणि सीटचा स्विच तेव्हा उपयोगी पडत नाही, कारण मोठं माणूस बसलेलंच असतं. दुसरं एक कारण त्याहून सूक्ष्म आहे. एकदा मांडीवर फेरी मारलेल्या मुलासाठी मोअरचा आवाज म्हणजे मजेचं बोलावणं होतं. पुढच्या वेळी ते मागून धावत येतं, आणि चालक नेमका रिव्हर्स घेत असतो. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, तीन वर्षांचं मूल सीटच्या मागं दिसत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या एका जुन्या अंदाजानुसार या यंत्रांमुळं तिथं वर्षाला सुमारे ७५ माणसं जात होती, आणि पाचांतला एक मृत्यू लहान मुलाचा होता. नव्या यंत्रांत रिव्हर्स टाकताच पाती थांबवणारी किंवा इंजिन बंद करणारी सोय असते. ती बटण दाबून रद्द करता येते. मी करत नाही. गवत कापायचं चालू असताना मुलं घरात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालच्या कुणालाच हे यंत्र चालवू देऊ नका म्हणते.

उताराबद्दल मात्र माझी स्वतःची चूक सांगायला हवी. आमच्या आवाराची मागची बाजू ओढ्याकडं उतरते. एका सकाळी दव असतानाच मी तिथं सरळ खाली निघाले, वेग जास्त वाटला म्हणून ब्रेक दाबला, आणि मोअर थांबायच्या ऐवजी घसरगाडीसारखं सुटलं. काठावरच्या झुडपात अडकलं म्हणून वाचले.

कारण शोधल्यावर साधं निघालं. अशा मोअरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. उतारावर खाली तोंड करून असताना वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि मागची हलकी होतात; ब्रेक दाबला की आणखी हलकी. ज्या चाकांनी धरून ठेवायचं, त्यांच्याखालीच पकड उरत नाही, त्यात ओलं गवत. चाकं घसरली की पाती बंद करावीत आणि ब्रेक न कोंबता हळूहळू सरळ खाली उतरावं, हे मी नंतर शिकले. जागच्या जागी वळणाऱ्या झीरो-टर्न मोअरमध्ये प्रकरण आणखी अवघड. तिथं वळणंही मागच्या दोन चाकांच्या वेगातल्या फरकानं होतं, पुढची चाकं नुसती गरगरणारी. मागची घसरली की ब्रेक आणि स्टिअरिंग एकदमच जातं.

उलटण्याचं गणितही करून पाहिलं. चाकांमधलं अंतर ९० सेंटिमीटर आणि माणसासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरला, तर आडव्या उतारावर यंत्र ३७ अंशांना उलटेल. मग माहितीपुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा का? वरच्या बाजूचं चाक दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढलं, की सहा अंश वाढले. ताशी साडेपाच किलोमीटरनं दीड मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर बाहेर ढकलणारा जोर जवळपास नऊ अंशांच्या उताराइतका. पंधरा, सहा आणि नऊ म्हणजे तीस झाले. उरलेले सात अंश चालकाच्या झुकण्यात आणि यंत्राच्या उसळण्यात संपतात. हिशेब ढोबळ आहे, पण पंधराचा आकडा भित्र्या वकिलानं लिहिलेला नाही एवढं त्यातून दिसतं. माझ्यासारख्या मोअरवर उतार उभा कापावा, आडवा नाही, आणि उतारावर वळू नये. झीरो-टर्नसाठी त्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहावं, कारण मर्यादा यंत्रागणिक बदलते. यंत्र उलटलं तर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी कमान डोक्यावर असेल, तर ती उभी असताना सीटचा पट्टा बांधायचाच. कमान आडवी केली असेल तर बांधायचा नाही, नाहीतर उलटताना माणूस यंत्राला जखडला जातो.

देखभालीत मी पात्याला सगळ्यात जास्त वेळ देते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. टोकं पांढुरकी पडून सुकतात. पण धार लावताना एका बाजूचं लोखंड जास्त गेलं तर तोल बिघडतो. टोकाजवळ, मध्यापासून २० सेंटिमीटरवर, फक्त दहा ग्रॅमचा फरक पडला, तरी ३३०० फेऱ्यांना सुमारे २४० न्यूटनचा झटका बसतो, म्हणजे २४ किलो वजनाइतका ओढा, सेकंदाला ५५ वेळा दिशा बदलत. बेअरिंग त्यानंच मरतं. तपासायला भिंतीतला एक खिळा पुरतो : मधल्या भोकातून पातं आडवं टांगायचं, जी बाजू खाली जाईल तिथलं लोखंड किंचित घासायचं. तडा गेलेलं, वाकलेलं किंवा मागची उचललेली कड कागदासारखी पातळ झालेलं पातं सरळ बदलावं.

डेकखाली हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात, स्पार्क प्लगची वायर काढलेली. तरीही जाड हातमोजे हवेत, कारण दोन्ही पाती एकाच पट्ट्यानं जोडलेली असतात. एक फिरवलं की दुसरंही फिरतं, आणि दुसऱ्यापाशी आपला दुसरा हात असू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोअरखाली कधीही जाऊ नये. पेट्रोल इंजिन गार झाल्यावर भरावं. कॅन जमिनीवर ठेवून भरून आणावा, गाडीच्या डिकीत ठेवून नाही, कारण गालिच्यावर साचलेल्या स्थिर विजेला जमिनीत उतरायला वाट नसते. सायलेन्सरभोवतीचं वाळकं गवत दर वेळी झाडते. मोअर गार होईपर्यंत बाहेरच उभं करते.

ओढ्याकडचा तो उतार मी फोननं मोजला. १९ अंश निघाला. आता तिथं मोअर नेत नाही. मिल्कवीड नावाचं रानझुडूप उगवलंय, आणि जुलैत त्यावर मोनार्क फुलपाखरांच्या पट्टेरी अळ्या असतात. बाबा आता व्हिडिओ कॉलवर आधी त्यांचीच चौकशी करतात.