ड्युरँगो : रेल्वेने वसवलेल्या गावात काय टिकले आणि का

अमेरिकेत कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यातले ड्युरँगो हे गाव रेल्वे कंपनीने ठरवून वसवले. १८८० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीला सान हुआन डोंगरातल्या चांदीच्या खाणी गाठायच्या होत्या. वाटेवरच्या अ‍ॅनिमस सिटी या वस्तीशी अटी जुळेनात, म्हणून कंपनीने दोन मैल दक्षिणेला नवे गाव आखले आणि स्टेशनही तिथेच बांधले. अ‍ॅनिमस सिटीचे व्यापारी आपसूक तिकडे गेले. ती जुनी वस्ती आता ड्युरँगोचाच भाग आहे आणि तिथल्या १९०४ च्या शाळेत अ‍ॅनिमस म्युझियम आहे. गावाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर स्टेशनाच्या आधी इथे जावे.

ऑगस्ट १८८१ मध्ये रूळ ड्युरँगोत पोचले, जुलै १८८२ मध्ये ४५ मैलांवरच्या सिल्व्हरटनला. रुळांमधले अंतर फक्त तीन फूट. नॅरोगेजला वळणे आखूड घेता येतात आणि कातळ कमी फोडावा लागतो. वाटेवरच्या रॉकवुडच्या पुढे तर सुरुंग लावून कड्यातच रुळांपुरती वाट कोरली आहे, खाली खोलवर अ‍ॅनिमस नदी. सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर, ड्युरँगो ६,५१२ फुटांवर. खनिज उताराने खाली येई, कोळसा ड्युरँगोच्या आसपासच मिळे. म्हणून धातू गाळण्याची भट्टी इथे नदीकाठी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात त्याच जागी अणुबॉम्ब प्रकल्पासाठी युरेनियम काढले गेले. उरलेला किरणोत्सर्गी गाळ १९८६ नंतर हलवून दुसरीकडे पुरला. आज तिथे कुत्र्यांना मोकळे सोडण्याचे मैदान आहे, आणि या जागेचा पूर्वेतिहास माहीत असल्याशिवाय ते नुसते मैदानच वाटते.

जुलै १८८९ च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. मेन अ‍ॅव्हेन्यूवर विटांच्या इमारतींची रांग दिसते, ती बहुतेक त्यानंतरची. स्ट्रेटर हॉटेल त्याआधीचे, १८८७ चे. औषधविक्रेता हेन्री स्ट्रेटरने ते बांधून दुसऱ्याला चालवायला दिले, पुढे भाडेकरूशी बिनसल्यावर त्याला शह द्यायला दुसरे हॉटेल काढले. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि त्यात दोघेही बुडाले. त्याच वर्षीचे वीजघर नदीकाठी अजून उभे आहे. कोळशावर वाफ करून एसी (दिशा सतत बदलणारी) वीज पुरवणाऱ्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी हे एक. आता त्यात विज्ञान केंद्र आहे.

या सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र रेल्वेच, आणि ती टिकली ती रुंदीकरण न झाल्यामुळे. १९०५ मध्ये ड्युरँगोहून न्यू मेक्सिकोतल्या फार्मिंग्टनकडे स्टँडर्ड गेजचे, म्हणजे नॅरोगेजहून रुंद रूळ टाकले होते. ते कुठल्याच रुंद मार्गाला जोडले गेले नाहीत, आणि १९२३ मध्ये तेही तीन फुटांवर आणावे लागले. त्याच वर्षी अल्को कंपनीने बांधलेली के-२८ आणि १९२५ मध्ये बाल्डविन कंपनीने बांधलेली के-३६ जातीची इंजिने इथेच राबत राहिली. बाहेर डिझेल आले तेव्हा या मार्गावर नवी गुंतवणूक करण्याइतका माल उरला नव्हता. १९६८ मध्ये पूर्वेच्या अलामोसा गावाकडून येणारी मालगाडी थांबली, पण सिल्व्हरटनच्या गाडीला तोवर प्रवासी मिळू लागले होते. तो तुकडा वाचला. १९८१ मध्ये तो विकला गेला आणि ड्युरँगो अँड सिल्व्हरटन नॅरोगेज ही वेगळी कंपनी झाली.

१० फेब्रुवारी १९८९ ला इंजिनशेड जळाली. आत सहा वाफेची इंजिने होती. लाकूडकाम, भोंगे, मापयंत्रे गेली. पण बॉयलर आणि सांगाडे आगीशी रोज खेळणाऱ्या पोलादाचे, त्यामुळे सहाही इंजिने दुरुस्त होऊन परत रुळांवर आली. नवी शेड जुन्याच विटांच्या भिंती धरून बांधली. शेडमधल्या म्युझियममध्ये गेल्यावर जुन्या आणि नव्या बांधकामाचा सांधा जरूर शोधावा.

कोळशावर असताना सिल्व्हरटनच्या एका फेरीला सुमारे सहा टन कोळसा आणि १०,००० गॅलन पाणी लागे. हा सगळा कोळसा फायरमन, म्हणजे इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा कामगार, फावड्याने भट्टीत टाकी. २०१८ च्या उन्हाळ्यात सुमारे ५४,००० एकर जंगल जळाले, आणि आग गाडीच्या ठिणगीने लागल्याचा निष्कर्ष सरकारी चौकशीत निघाला. तेव्हापासून इंजिने एकामागून एक तेलावर आणली गेली. धुराड्यातून निखारे उडत नाहीत, हा त्यातला खरा फायदा. जुन्या छायाचित्रांतला काळा लोट आता अपेक्षू नये.

जाता-येता प्रत्येकी सुमारे साडेतीन तास, मध्ये सिल्व्हरटनला दोन तास. म्हणजे पूर्ण दिवस राखून ठेवावा. जाताना उजवी बाजू घ्यावी, दरी आणि नदी तिकडेच आहे. हिवाळ्यात हिमकडे कोसळून दरीतला मार्ग बंद पडतो, म्हणून गाडी २६ मैलांवरच्या कॅस्केड कॅन्यनपर्यंतच जाते. सिल्व्हरटनचे १९०२ चे तुरुंगघर किंवा १८८२ चे स्टेशन पाहायचे असेल, तर उन्हाळ्याचेच तिकीट काढावे.