कोप्तोसचा टोलनाका

आपल्याकडे टोलनाक्यावर दरफलक असतो तसाच एक फलक इ.स. ९० मध्ये रोमन इजिप्तमधल्या कोप्तोस गावी लागला. तो दगडात कोरलेला होता, म्हणून आजही वाचता येतो. सम्राटांच्या विजयांची वर्णनं असलेल्या शिलालेखांपेक्षा मला हा जास्त बोलका वाटतो.

कोप्तोस, म्हणजे आजचं किफ्त, नाईलच्या काठी आहे. तिथून उंटांचे तांडे वाळवंट तुडवत तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांकडे निघायचे. पुढे मोसमी वाऱ्यावर शिडं सोडली की भरूच, सोपारा, केरळातलं मुझिरिस.

फलक का लावावा लागला, ते लेखाच्या सुरुवातीलाच कळतं. मक्तेदारांनी किती पैसे घ्यायचे, ते राज्यपालाच्या हुकमानं इथे कोरलं आहे, असं त्यात म्हटलंय. टोलवसुली मक्त्यानं दिलेली असायची. दर ठरवून दिला नाही तर मक्तेदार काय करतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता दर बघा. खलाशाला ५ द्राख्मा (हे तिथलं नाणं), कारागिराला ८. जहाजाच्या डोलकाठीला मात्र २०, म्हणजे चार खलाशांइतके! समुद्रकाठी उजाड वाळवंट, तिथे लाकूड कुठून मिळणार? अख्खी डोलकाठी नाईलकडून वाळवंटातून वाहून न्यायची. उंटाच्या परवान्याला एक ओबोल (ही द्राख्माची चिल्लर), आणि त्या परवान्यावर शिक्का मारायला दोन. कागदापेक्षा शिक्का महाग, ही रीत तेव्हापासूनची दिसते.

भारतातून येणाऱ्या मिरीचं नाव या फलकावर नाही. पूर्वेकडच्या मालावर २५ टक्के जकात होती, पण तिचा हिशेब वेगळा. इथे पैसे पडायचे ते माणसं, जनावरं आणि गाड्या रस्त्यावरून नेण्याचे.

सैनिकाच्या बायकोला २० द्राख्मा पडत आणि वेश्येला तब्बल १०८. एवढा दर का, ते दगड सांगत नाही. बंदरावरच्या पगारदार पुरुषांकडून त्या हे पैसे सहज वसूल करतील, असं मक्तेदाराचं गणित असावं.

प्रेतयात्रेचाही दर आहे. गावाबाहेर वाळवंटाकडे मयत न्यायची तर १ द्राख्मा ४ ओबोल. त्यात परत येणंही धरलेलं आहे.