टोटल लॉस मोटार

दुरुस्तीचा खर्च विम्याच्या हिशेबात बसत नाही म्हणून विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून दावा मिटवलेल्या गाडीला टोटल लॉस मोटार म्हणतात. अशी प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. दुरुस्त होऊन, नवा विमा उतरवून ती कायदेशीरपणे रस्त्यावर येऊ शकते. कोकण किनाऱ्यावर घाटातल्या अपघातांच्या जोडीला पूर, चक्रीवादळ, दरड आणि भरतीचे पाणी आहे. त्यातही पाण्याने गेलेल्या गाडीचा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचे पुढचे आयुष्य इथे अधिक काळजीचा विषय ठरते.

गाडी टोटल लॉस ठरते ती पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीवरून, म्हणजे विम्यासाठी ठरवलेल्या किमतीवरून. दुरुस्ती आणि गाडी बाहेर काढून आणण्याचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर गाडी टोटल लॉस धरतात. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात दरीत गेलेल्या गाडीबाबत क्रेनचा खर्चही या हिशेबात येतो. आयडीव्ही वयाप्रमाणे उतरते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के, त्यापुढे मालक आणि कंपनी आपसात किंमत ठरवतात. हप्ता थोडा वाचावा म्हणून आयडीव्ही कमी लावून घेण्याची सवय इथेच नडते. भरपाई तर घटतेच, शिवाय मध्यम नुकसानीतही गाडी ७५ टक्क्यांची रेषा ओलांडते. ६ लाख आयडीव्हीच्या गाडीला ४ लाख ८० हजारांची दुरुस्ती निघाली, तर ती टोटल लॉस. सांगाड्याची, म्हणजे सॅल्व्हेजची, किंमत दीड लाख ठरली आणि मालकाने तो स्वतःकडे ठेवला, तर त्याला सुमारे साडेचार लाख मिळतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेचे देणे फिटते.

पूर, वादळ आणि दरड या गोष्टी सर्वसाधारण फर्स्ट पार्टी पॉलिसीत येतात. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचे काहीही मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा हा फरक अनेक घरांना फार महागात पडला. वाशिष्ठीला खाडीची भरती लागते आणि त्या वेळी पुराचे पाणी लवकर ओसरत नाही, त्यामुळे गाड्या तासन्‌तास पाण्यात राहतात. पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारून पाहणे ही सर्वांत नुकसानकारक कृती. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान पुरामुळे नव्हे तर मागाहूनच्या कृतीमुळे झाले असे म्हणून कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. बॅटरी सोडवून, फोटो काढून, गाडी टो करून न्यावी.

समुद्राच्या पाण्याचे नुकसान याहून चिवट असते. काशीद किंवा दापोलीजवळच्या कर्देसारख्या किनाऱ्यांवर वाळूत उतरवलेल्या गाड्या भरतीत अडकतात. खारे पाणी वायरिंगच्या जोडांत शिरले की धुऊन वाळवल्यावरही गंज आतून चालूच राहतो. एअरबॅगचे नियंत्रण करणारा भाग बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, खाली बसवलेला असतो. तो भिजला असेल तर चकचकीत रंगकामाला काही अर्थ उरत नाही. शिवाय गाडी मुद्दाम वाळूत नेणे म्हणजे वाजवी काळजी न घेणे, असा आक्षेप कंपनी घेऊ शकते.

ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचे प्रकार ठरलेले असून काही प्रकारांना पुन्हा रस्त्यावर येण्यास मनाईच आहे. भारतात आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, तसा शिक्का नसतो. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्या मुदतीत मोठ्या दुरुस्तीनंतरही आरटीओची तपासणी सक्तीची नाही. व्यवस्थेतली ही मोठी उणीव आहे, कारण तिचा धोका पुढच्या, काही माहीत नसलेल्या खरेदीदाराच्या माथी येतो. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. हे न करता सांगाडा कागदांसह विकला, की त्याचा चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याची वाट मोकळी होते. नाव बदलले नसेल तर अपघाताची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

दावा मिटल्यावर जुनी पॉलिसी संपते. नव्या गाडीसोबत घेतलेली तीन वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसीही टोटल लॉसच्या कारणाने रद्द करता येते. त्यामुळे दुरुस्त गाडी बाहेर काढण्याआधी नवी पॉलिसी हवी. किमान थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फर्स्ट पार्टीसाठी कंपनी आधी गाडी पाहते आणि नकारही देऊ शकते. प्रस्तावात पूर्वीचा टोटल लॉस लपवला, तर पुढचा दावा त्याच कारणाने अडतो. म्हणून दुरुस्तीची बिले आणि सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या, अहवालाची प्रत जपून ठेवावी, आणि गाडी विकताना ती खरेदीदाराला द्यावी.

एमएच ०६, ०७ किंवा ०८, म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी पासिंगची जुनी गाडी घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे. कार्पेट उचलावे, स्टेपनीचा खड्डा तपासावा, आणि जुन्या विम्याचे दावे कंपनीकडून लेखी मागवावेत.