गॅस फायर (गॅसवर जळणारी शेकोटी) बसवायचीय? आधी चिमणी पाहा

‘गॅस स्वच्छ जळतो, चिमणी झाडायची गरज नाही, फायरप्लेसचं तोंड हवं तेवढं फोडा,’ असं ब्रिटनमधल्या जुन्या घरांबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे जिवावर बेतू शकतं. चिमणीला जोडलेल्या गॅस फायरचे वायू वर जायला वाट मोकळी लागतेच. काजळी, निखळलेल्या विटा किंवा पक्ष्याचं घरटं आड आलं, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत पसरतो. त्याला ना रंग, ना वास! शिवाय फायरप्लेसच्या तोंडावरच्या लिंटेलवर, म्हणजे आडव्या तुळईवर, वरच्या विटांचा भार असतो. आधार दिल्याशिवाय लिंटेलला हात लावू नका. तोंडाचं माप उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच ठेवा. जोडणी ‘गॅस सेफ रजिस्टर’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या, २००९मध्ये ‘कॉर्गी’ या आधीच्या नोंदणीची जागा याच यादीनं घेतली. आणि धूर नीट वर ओढला जातोय का, ही चाचणी तुमच्यासमोर व्हायलाच हवी.