दोन बाजू सारख्या दिसत नाहीत, म्हणजे ऑपरेशन फसलं?

नागपूरच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: 'स्तनवृद्धीच्या ऑपरेशननंतर महिनाभरात दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत, तर ऑपरेशन फसलं, लगेच दुसरं करा, नाहीतर तेलाने चोळा.' रामदासपेठेतून टाके काढून आलेल्या माझ्या मैत्रिणीने हा वाचला आणि रात्रभर रडली, म्हणून लिहितेय.

मुळात बहुतेक बायकांचे दोन स्तन आधीपासूनच थोडे वेगळे असतात. इम्प्लांटने, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम पिशवीने, आकार वाढतो, तसा तो फरकही जास्त नजरेत भरू शकतो. त्यात दोन्हीकडची सूज एकाच वेगाने उतरत नाही. इम्प्लांट खाली बसायला साधारण 3 ते 6 महिने लागतात, आणि बऱ्याचदा एक बाजू आधी बसते. महिनाभरात निकाल लावणं म्हणजे घाईच.

पडताळून बघायचं? ऑपरेशनआधीचे फोटो डॉक्टरांकडून मागून घ्या. गळ्याखालच्या खळगीपासून दोन्ही स्तनाग्रांपर्यंत टेपने मोजा, दर महिन्याला, आरशासमोर ताठ उभं राहून. फरक आधीपासूनचाच आहे का आणि तो बदलतोय का, याचा त्यावरून अंदाज येतो.

चोळणं मात्र सर्जनने सांगितल्याशिवाय नकोच. फरक टिकलाच, तर इम्प्लांट बदलणं, त्याची जागा शिवून नीट करणं किंवा स्वतःचीच चरबी भरणं हे उपाय आहेत. ते सहसा 6 महिने ते वर्षभरानंतर करतात.

पण एकच बाजू अचानक फुगली, लाल झाली, ताप आला, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. पुढे कधी एक बाजू कडक व्हायला लागली, तरीही दाखवाच.